धार्मिक महाविद्यालयांतील संशोधन : ठेवा कुणाचा, जबाबदारी कुणाची?

दि. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या भाषांनाही त्याच दिवशी हा मान मिळाला. महाराष्ट्रभर त्याचा आनंद व्यक्त झाला आणि तो योग्यच होता. त्यानंतर प्राचीन ग्रंथांचे जतन, हस्तलिखितांचा अभ्यास, संशोधन केंद्रे यांविषयीची चर्चाही सुरू झाली. या चर्चेत आपण ख्रिस्ती मराठी भाषक नेमके कोठे आहोत, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. आपणही तो स्वतःला विचारला नाही.

वास्तविक मराठीच्या या वैभवात आपला वाटा लहान नाही. इंग्लंडमधून १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे ११ हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. १६१६ साली ते गोव्यातील राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. छपाईच्या इतिहासात मराठी साहित्याचे हे पाऊल फार लवकरचे आहे. त्याच राशोलच्या मुद्रणालयातून १६२२ साली स्टीफन्स यांची ख्रिस्ती शिकवणुकीची पुस्तिका आणि १६४० साली त्यांनी रचलेले कोंकणी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले. लेखक तेव्हा हयात नव्हते. १६१९ सालीच ते प्रभूच्या घरी गेले होते. हे सारे कार्य एखाद्या राजदरबारात अथवा मोठ्या विद्यापीठात झालेले नाही. ते मोजक्या धर्मगुरूंच्या एका लहानशा विद्यालयाच्या आश्रयाने झाले.

म्हणून या लेखाचा विषय आहे तो अशा लहान धार्मिक महाविद्यालयांतून होणारे संशोधन. ज्याला आपण सर्रास 'सेमिनरी' म्हणतो, तेथे केवळ भावी धर्मगुरू घडतात एवढेच आपल्या भाविकांना ठाऊक असते. त्या भिंतींच्या आत कोणता अभ्यास होतो, कोणते ग्रंथ लिहिले जातात, त्यांचा आपल्या श्रद्धेशी आणि समाजाशी काय संबंध आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. आपल्या जवळचे आणि सर्वांत ठळक उदाहरण पुण्याचे आहे. प्रामुख्याने त्याचाच येथे विचार करू.

कँडीहून पुण्याला

पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली श्रीलंकेतील कँडी येथे अखिल भारतासाठी एक परमगुरूपीठीय गुरुविद्यालय स्थापन केले. भारताच्याच सुपुत्रांनी भारताच्या तारणाचे सेवक व्हावे, ही त्यामागील भूमिका होती. १९२६ साली या संस्थेला उच्च पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. १९५५ साली ती पुण्यात नगर रस्त्यावरील रामवाडी येथे आली. 'ज्ञानदीप विद्यापीठ' या नावाने ती पुढे प्रसिद्ध झाली. येशूसंघाच्या विद्यार्थ्यांसाठी शेजारीच डी नोबिली कॉलेज उभे राहिले. मदुराईला राहून संस्कृत व तमिळ आत्मसात करणाऱ्या सतराव्या शतकातील रोबेर्तो दे नोबिली यांचे नाव त्याला देण्यात आले. त्या नावातच पुढील कार्याची दिशा सूचित झाली होती.

पुण्याची निवड फलदायी ठरली. जवळच येरवड्याला डेक्कन कॉलेज, शहरात १९१७ साली स्थापन झालेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे १९६६ सालापर्यंत चाललेले प्रचंड काम. संस्कृत विद्येच्या या वातावरणात ख्रिस्ती अभ्यासकांना सहाध्यायीही लाभले आणि परीक्षकही. आपल्या मंडळींच्या कौतुकावर विसंबून राहण्याची सोय येथे नव्हती. आपले म्हणणे मूळ संहितेच्या आधारे पंडितांसमोर सिद्ध करावे लागत होते.

एका शब्दाचा प्रश्न

या परंपरेतील अग्रगण्य नाव म्हणजे फादर रिचर्ड डी स्मेट (१९१६-१९९७). मूळचे बेल्जियमचे हे येशूसंघीय १९४६ साली भारतात आले. शंकराचार्यांना केवळ तत्त्वज्ञ मानून त्यांची मांडणी शुद्ध तर्कावर उभी असल्याचे सांगण्याची तेव्हा प्रथा होती. डी स्मेट यांनी भाष्यांचा मुळातून अभ्यास केला. शंकराचार्य हे प्रथम श्रुतीचे भाष्यकार आहेत आणि त्यांचा तर्क श्रुतीच्या सेवेत राबतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणजे आपण ज्याला ईशज्ञान म्हणतो, त्या प्रकारचे हे चिंतन आहे. १९५३ साली रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात सादर केलेला त्यांचा हा प्रबंध अनेक वर्षे केवळ चक्रमुद्रित प्रतींच्या रूपाने अभ्यासकांच्या हातांत फिरत राहिला.

त्यांच्या संशोधनाचा दुसरा विषय आपल्या रोजच्या प्रार्थनेला भिडणारा आहे. इंग्रजीत वेदान्त सांगणाऱ्यांनी 'निर्गुण ब्रह्म' म्हणजे 'इम्पर्सनल' आणि 'सगुण' म्हणजे 'पर्सनल' असे समीकरण रूढ केले. त्यामुळे हिंदू विचारातील परमतत्त्व व्यक्तिरहित आणि ख्रिस्ती परमेश्वर मात्र व्यक्तिरूप, अशी एक भिंत उभी राहिली. डी स्मेट यांनी 'पर्सन' या शब्दाचा इतिहास तपासला. ख्रिस्ती विचारवंतांनी हा शब्द घडवला तो मर्यादित, देहधारी माणसापुरता नव्हे. ज्ञान, स्वातंत्र्य आणि नाते जोडण्याचे सामर्थ्य ज्याच्या ठायी आहे असे अस्तित्व, हा त्याचा अर्थ. त्या अर्थाने पाहिल्यास निर्गुण ब्रह्मालाही तो शब्द नाकारता येत नाही. कारण निर्गुण म्हणजे मर्यादारहित, नात्याला वा ज्ञानाला पारखे नव्हे, अशी त्यांची मांडणी होती. ती सर्वांनाच पटली असे नाही. पण वाद घालणाऱ्यांनाही शब्द काळजीपूर्वक वापरावे लागले.

आता हाच प्रश्न मराठीत आणून पाहावा. पवित्र त्रैक्याविषयी शिकवताना 'एक परमेश्वर, तीन व्यक्ती' असे आपण मुलांना सांगतो. संस्कृतात 'व्यक्ति' म्हणजे व्यक्त होणे, प्रकट रूप. न्यायशास्त्रात जातीच्या उलट एकेक वेगळी वस्तू म्हणजे व्यक्ती. आणि व्यवहारातील मराठीत व्यक्ती म्हणजे सरळ माणूस. मग तीन व्यक्ती म्हटल्यावर मुलांच्या मनात तीन माणसे उभी राहिली तर दोष मुलांचा नाही. रामवाडीला एका विद्वानाने आयुष्यभर ज्या शब्दाचा विचार केला, तो शब्द आपल्या प्रत्येक धर्मग्रामात प्रत्येक रविवारी उच्चारला जातो. तरीही त्या विचाराचा कवडसा आपल्या धर्मशिक्षण वर्गापर्यंत पोहोचलेला नाही. संशोधन आणि भाविक यांच्यातील अंतर किती आहे, याचे याहून नेमके उदाहरण देता येणार नाही.

डी स्मेट यांनी प्रा. दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेल्या 'मराठी तत्त्वज्ञान महाकोशा'च्या (१९७४) कामालाही नोंदी लिहून हातभार लावला, हे येथे कृतज्ञतेने नमूद करायला हवे. एक बेल्जियन धर्मगुरू आणि मराठी महाकोश हा योग पुण्यातच जुळून येऊ शकत होता.

एका छत्राखाली अनेक वाटा

डी स्मेट एकटे नव्हते. या लहान विद्याकुलातील कामाची विविधता पाहिली की आश्चर्य वाटते.

ऑस्ट्रियाहून आलेले फादर जोसेफ नॉयनर (१९०८-२००९) हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत तज्ज्ञ म्हणून सहभागी झाले. अन्य धर्मांशी ख्रिस्तसभेचे नाते स्पष्ट करणाऱ्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्राच्या कामात त्यांचा वाटा होता. त्या घोषणापत्राला २८ ऑक्टोबर २०२५ रोजी ६० वर्षे पूर्ण झाली. डी स्मेट यांच्यासह त्यांनी हिंदू धर्माची सहानुभूतीपूर्वक ओळख करून देणारा ग्रंथ १९६४ साली संपादित केला. ख्रिस्तसभेच्या अधिकृत शिकवणुकीचे उतारे एकत्र करणारा, फादर झाक द्युपुई यांच्यासमवेत सिद्ध केलेला त्यांचा ग्रंथ १९७३ पासून जगभरच्या गुरुविद्यालयांत वापरला गेला. संत मदर तेरेसा यांनी आपल्या अंतरीच्या काळोखाविषयी ज्या मोजक्या धर्मगुरूंजवळ मन मोकळे केले, त्यांत नॉयनर एक होते. विद्वत्ता आणि आध्यात्मिक मार्गदर्शन यांची फारकत असावी लागत नाही, हे त्यांच्या आयुष्याने दाखवून दिले.

फादर जॉर्ज सोअर्स-प्रभू (१९२९-१९९५) हे नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीचे सुपुत्र. रसायनशास्त्राचा अभ्यास करून ते पवित्र शास्त्राकडे वळले. संत मत्तयच्या शुभवर्तमानात 'संदेष्ट्याच्या द्वारे सांगितले ते पूर्ण व्हावे म्हणून' अशा धाटणीची वचने वारंवार येतात. येशूच्या बालपणाच्या कथनातील या वचनांवरील त्यांचा ग्रंथ १९७६ साली रोम येथे प्रसिद्ध झाला आणि युरोपातील शास्त्राभ्यासकांनी त्याची दखल घेतली. त्या मार्गावर ते सुखाने राहू शकले असते. परंतु गरिबी, जातिभेद आणि अनेक धर्मांचे सहजीवन असलेल्या देशात शुभवर्तमान कसे वाचावे, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. येशूने उद्घोषिलेले देवाचे राज्य म्हणजे एका नव्या समाजाचे स्वप्न आहे, हे त्यांनी शास्त्रवचनांच्या काटेकोर विश्लेषणातून मांडले. १९९५ साली पुण्यात रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. पुढे सहकाऱ्यांनी त्यांचे विखुरलेले लेख संग्रहित करून प्रसिद्ध केले.

फादर नोएल शेठ (१९४३-२०१७) हे संस्कृत आणि पालीचे अभ्यासक. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधनानंतर श्रीकृष्णाच्या देवत्वाच्या कल्पनेचा विकास दाखवणारा त्यांचा ग्रंथ १९८४ साली आला. फादर जॉन वट्टन्की यांनी नव्यन्यायाचा कठीण गड निवडला. ईश्वराचे अस्तित्व अनुमानाने सिद्ध करू पाहणाऱ्या गंगेशाच्या युक्तिवादावरील त्यांचा ग्रंथही १९८४ सालचाच. फादर फ्रान्सिस डिसा यांनी शबर आणि कुमारिल या मीमांसकांच्या शब्दप्रामाण्याच्या सिद्धांताचा शोध घेतला. हा ग्रंथ १९८० साली व्हिएन्ना येथे प्रसिद्ध झाला. देवाचा शब्द हा आपल्या श्रद्धेचा पाया आहे. बोलणारा कुणी न मानताही शब्दाला प्रमाण मानणारी मीमांसकांची परंपरा समजून घेतली की प्रकटीकरण म्हणजे काय, हा आपलाच प्रश्न नव्याने उजळतो. फादर सुभाष आनंद यांनी भागवतातील भक्तीचा आणि आपल्या पंढरपूरच्या पुंडलिकाच्या आख्यायिकेचा अभ्यास केला. फादर जॉब कोझमथडम यांनी तर ग्रहगतीचे नियम शोधणाऱ्या केप्लरकडे मोर्चा वळवला. त्याच्या शोधात विज्ञान, तत्त्वज्ञान आणि धर्मश्रद्धा कशा गुंफल्या होत्या, हे दाखवणारा त्यांचा ग्रंथ १९९४ साली अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाने प्रकाशित केला. फादर कुरियन कुन्नुम्पुरम (१९३१-२०१८) यांनी ख्रिस्तसभेच्या स्वरूपाचे चिंतन केले आणि १९९८ पासून 'ज्ञानदीप' या नियतकालिकाचे संपादन करून या साऱ्या लेखनाला व्यासपीठ दिले.

रामवाडीच्या बाहेर, पण त्याच पुण्यात, जर्मनीहून आलेले फादर मॅथ्यू लेडर्ले यांनी स्नेहसदनाच्या माध्यमातून मराठी विचारवंतांशी स्नेह जोडला. आधुनिक महाराष्ट्रातील तत्त्वचिंतनावरील त्यांचा ग्रंथ १९७६ सालचा आहे.

नाशिकच्या सालेशियन संस्थेचे 'दिव्यदान' हे तत्त्वज्ञानाचे महाविद्यालय आणखी लहान. तरी तेथील फादर नेल्सन फालकांव यांनी ख्रिस्तपुराणातील संस्कृतिसंगमावर २००३ साली प्रबंधग्रंथ दिला आणि २००९ साली ख्रिस्तपुराण देवनागरीत, आजच्या मराठी गद्य रूपांतरासह वाचकांच्या हाती ठेवले. डी स्मेट यांचे विखुरलेले लेख ग्रंथरूपाने आणण्याचे (२०१० आणि २०१३) श्रेयही याच संस्थेत अध्यापन केलेल्या फादर आयवो कोएलो यांना जाते. पुण्यात पेरलेले नाशिकला जपले गेले, ही समाधानाची गोष्ट आहे.

ही विविधता कशामुळे?

हे सारे योगायोगाने घडले नाही. त्यामागे तीन कारणे दिसतात.

पहिले कारण म्हणजे अध्यापनाची गरज. लहान संस्थेत एकाच प्राध्यापकाला अनेक विषय शिकवावे लागतात. मोठ्या विद्यापीठात एखादा विद्वान एकाच विषयाच्या एका कोपऱ्यात आयुष्य घालवू शकतो. येथे सकाळी उपनिषदे आणि दुपारी संत थॉमस अक्विनस शिकवण्याचा प्रसंग येतो. त्यातूनच तुलना सुचते आणि नवे प्रश्न जन्म घेतात. इंग्लंडमधील हीथ्रॉप कॉलेजचे फादर फ्रेडरिक कोपल्स्टन यांचा नऊ खंडांतील तत्त्वज्ञानाचा इतिहास (१९४६-१९७५) असाच जन्मला. गुरुविद्यालयातील विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक म्हणून सुरू झालेले काम जगभरच्या विद्यापीठांचे संदर्भसाधन बनले.

दुसरे कारण म्हणजे वेळ. नव्यन्याय किंवा मीमांसा दोन-तीन वर्षांत हाती लागत नाही. या धर्मगुरूंना नोकरीची, बढतीची अथवा संसाराची विवंचना नव्हती. व्रतस्थ जीवनाने त्यांना दीर्घकाळ एका विषयाशी एकनिष्ठ राहण्याची मुभा दिली.

तिसरे कारण प्रेषितीय आहे. ज्या लोकांमध्ये आपण राहतो त्यांच्या मनात शिरल्याशिवाय शुभवर्तमान सांगता येत नाही, ही जाणीव स्टीफन्स यांना होती आणि ती परंपरेने पुढे चालत आली. पोप फ्रान्सिस यांनी 'वेरितातिस गाउदियुम' (डिसेंबर २०१७) या संविधानातून धार्मिक विद्यापीठांना विविध ज्ञानशाखांच्या संवादाचे आवाहन केले. पुढे १ नोव्हेंबर २०२३ च्या आदेशपत्रातून ईशज्ञान हे लोकांच्या प्रत्यक्ष जीवनसंदर्भात रुजलेले असावे, असे त्यांनी प्रतिपादन केले. पुण्याच्या अभ्यासकांनी ही वाट त्याआधीच कित्येक दशके चोखाळली होती.

काही अप्रिय प्रश्न

केवळ गौरव करून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्यातील अनेक विचारी भाविक विचारतात, 'फादर, गावात दवाखाना हवा, मुलांना शिष्यवृत्ती हवी. तेव्हा गंगेशाच्या न्यायावर पुस्तके लिहून काय साधणार?' हा प्रश्न उद्धट नाही. ख्रिस्तसभेचा पैसा भाविकांचा आहे आणि त्याचा हिशेब मागण्याचा त्यांना अधिकार आहे.

यावर एक उत्तर असे की दवाखाना आणि ग्रंथालय यांत निवड करण्याची वेळ सहसा येत नाही. दोन्हींचा खर्च तुलना करण्याजोगाही नसतो. याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या समाजात आपली श्रद्धा परकी आहे असे वारंवार सांगितले जाते, तेथे ती या मातीशी चारशे वर्षे संवाद करीत आली आहे याचा साधार पुरावा कोण देणार? भाषणांनी तो मिळत नाही. तो हस्तलिखितांतून, कोशांतून, चिकित्सक ग्रंथांतूनच मिळतो.

पण या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे आणि ती अधिक बोचरी आहे. या संशोधनाची भाषा जवळपास सर्वस्वी इंग्रजी आहे. पुण्यात राहून, पुण्याच्या पंडितांशी चर्चा करून लिहिलेले ग्रंथ व्हिएन्नात, रोममध्ये, अमेरिकेत वाचले जातात. वसई, नाशिक, अहिल्यानगर, नागपूर येथील मराठी भाविकाला त्यांची नावेही ठाऊक नसतात. संस्था अखिल भारतीय आहे, विद्यार्थी अनेक भाषांचे आहेत, म्हणून इंग्रजी अपरिहार्य आहे, हे मान्य. तरीही शेजारच्या हिंदीचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. बेल्जियमचेच फादर कामिल बुल्के यांनी रामकथेवरील आपला प्रबंध इंग्रजीत लिहिण्याचे नाकारले, अलाहाबाद विद्यापीठाला नियम बदलावा लागला आणि १९५० साली तो हिंदीत प्रसिद्ध झाला. आज हिंदी जगत त्यांना आपला माणूस मानते. मराठीत असा मान अलीकडच्या काळात लाभला तो फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४) यांना. 'सुबोध बायबल'चे हे कर्ते २०२० साली उस्मानाबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तो मान मिळाला त्यामागे त्यांचे मराठीतून झालेले आयुष्यभराचे लेखन होते.

आणखी एक उणीव विषयांच्या निवडीची आहे. वेदान्त, न्याय, मीमांसा यांवर जेवढी शक्ती खर्च झाली, तेवढी महाराष्ट्रातील ख्रिस्ती जनतेच्या स्वतःच्या इतिहासावर झाली नाही. अहिल्यानगर, औरंगाबाद भागातील दलित कुटुंबांनी ख्रिस्ती श्रद्धा का स्वीकारली, त्यासाठी काय सोसले, त्यांच्या ओव्या आणि भजने कोणती, याची दखल अभिजात संहितांच्या अभ्यासात सहज सुटून जाते. दलित ईशज्ञानाचे प्रवर्तक मानले गेलेले अरविंद निर्मळ हे मराठी. पण १९८० च्या दशकात त्यांची मांडणी आकारास आली ती बंगळूरच्या प्रॉटेस्टंट विद्यालयात. सोअर्स-प्रभू यांनी पुण्यात या दिशेने दार उघडले होते. त्या दाराने पुढे किती जण गेले, याचा विचार व्हायला हवा. वसईची सामवेदी व वाडवळी बोली, गावोगावच्या चर्चमधील बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या, १९०३ पासूनचे 'निरोप्या'चे अंक, 'सुवार्ता'चे जुने अंक ही सारी अस्सल साधने आहेत. वाळवी त्यांची वाट पाहत बसलेली नाही.

हीथ्रॉपचा धडा

लहान संस्था आपोआप टिकत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. वर उल्लेखिलेले हीथ्रॉप कॉलेज १६१४ साली लूव्हें येथे निर्वासित इंग्रज येशूसंघीयांसाठी सुरू झाले. स्थलांतरे, युद्धे, छळ यांतून ते तरले आणि १९७० साली लंडन विद्यापीठाचा भाग झाले. चारशे वर्षे पूर्ण झाल्यानंतर अवघ्या वर्षभरात, २०१५ साली, आर्थिक कारणांमुळे नियामक मंडळाने ते थांबवण्याचा निर्णय घेतला. २०१८ साली अध्यापन संपले आणि २०१९ च्या प्रारंभी महाविद्यालय औपचारिकरीत्या बंद झाले. छळाने जे संपले नाही ते ताळेबंदाने संपवले.

आपल्याकडील परिस्थिती वेगळी आहे. परंतु धोके ओळखीचे आहेत. कुटुंबे लहान होत आहेत आणि व्रतस्थ जीवनाकडे वळणाऱ्या तरुणांची चिंता आपल्या अनेक धर्मप्रांतांना आहे. संशोधनात रुळलेल्या धर्मगुरूंना मध्येच शाळेचे मुख्याध्यापक किंवा संस्थेचे खजिनदार नेमले जाते; तीनचार वर्षांनी ते परततात तेव्हा हातातला धागा तुटलेला असतो. संस्कृत शिकायला बारा वर्षे लागतात, बदलीचा आदेश एका दिवसात निघतो. त्यात वरिष्ठांचा आकस नसतो, माणसांची टंचाई असते. पण परिणाम तोच होतो. डी स्मेट यांच्या पिढीला जे दीर्घ सातत्य लाभले, ते पुढील पिढीला आपण देत आहोत का, हा खरा प्रश्न आहे.

काय करता येईल?

उपाय फार खर्चाचे नाहीत. त्यांना निश्चय मात्र लागतो.

पहिले, भाषांतर. महाराष्ट्रातील धर्मप्रांतांनी एकत्र येऊन दरवर्षी या संशोधनातील निदान एक ग्रंथ मराठीत आणावा. सोअर्स-प्रभू यांच्या निवडक लेखांपासून प्रारंभ केला तर इगतपुरीचा हा पुत्र आपल्या लोकांना आपल्या भाषेत भेटेल. संपूर्ण ग्रंथ शक्य नसेल तेथे आपल्या मराठी नियतकालिकांनी त्याचा सारांश द्यावा.

दुसरे, सातत्य. प्रत्येक धर्मप्रांताने निदान एका धर्मगुरूला वा धर्मभगिनीला दहा वर्षे निश्चिंतपणे अभ्यास करू द्यावा आणि त्या काळात त्यांच्यावर अन्य जबाबदारी सोपवू नये.

तिसरे, प्रापंचिकांचा सहभाग. ज्ञानदीपच्या वर्गांत आज धर्मभगिनी आणि प्रापंचिकही शिकतात. मराठी, इतिहास, समाजशास्त्र यांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेले आपले अनेक युवक-युवती आहेत. त्यांना शिष्यवृत्ती देऊन ख्रिस्ती मराठी साधनांच्या अभ्यासाकडे वळवता येईल. संशोधन ही केवळ धर्मगुरूंची मक्तेदारी राहिली तर धर्मगुरूंची संख्या घटताच तेही आटेल.

चौथे, जतन. आपल्या धर्मग्रामातील जुन्या नोंदवह्या, पत्रव्यवहार, गीतसंग्रह, छायाचित्रे यांची यादी करून त्यांचे संगणकीय चित्रण करून घेणे हे काम धर्मग्राम परिषदेलाही करता येते. त्यासाठी पदवी लागत नाही, काळजी लागते. अभिजात दर्जाच्या निमित्ताने जुन्या मराठीच्या अभ्यासाला चालना मिळणार असेल, तर आपली साधने हाती घेऊन विद्यापीठांच्या दारी आपणच जायला हवे. आमंत्रणाची वाट पाहू नये.

शेवटी एक विचार. १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तो ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला तो हाताने उतरवून घेणाऱ्या अनाम भाविकांमुळे. ते विद्वान नव्हते. धर्मग्रामातील साधी माणसे होती. या ओव्या आपल्या आहेत असे त्यांना वाटले, म्हणून त्यांनी त्या जपल्या, गायल्या आणि मुलांच्या हाती दिल्या. विद्यालयात निर्माण झालेले ज्ञान लोकांनी आपले मानले की ते टिकते. लोकांपर्यंत पोहोचलेच नाही तर उत्तमोत्तम ग्रंथालयातही ते धूळ खात राहते. रामवाडीला आणि नाशिकला लिहिलेले ग्रंथ हा आपला ठेवा आहे. तो मराठीत मागण्याचा अधिकार आपणा प्रत्येक भाविकाला आहे. आपल्या धर्मग्रामात, आपल्या बिशप महोदयांकडे, आपल्या नियतकालिकांकडे तो आपण हक्काने मागावा आणि मिळाल्यावर वाचावा.